कंपनीचा मेडिक्लेम: वाचकांचे प्रश्न

दर एप्रिलला ग्रुप पॉलिसी नव्याने झाली की माझ्याकडे सारखेच प्रश्न येतात. यंदाचे निवडक.

माझ्या मेडिक्लेमचा पूर्ण हप्ता कंपनी भरते. मला ८०डीची (आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची) करवजावट मिळेल? (ठाणे)

नाही. पैसे तुम्ही भरलेले नाहीत.

आईवडिलांचा हप्ता आतापर्यंत कंपनी भरायची. यंदापासून तो आमच्या पगारातून कापणार आहेत. कंपनीला असं करता येतं? (हिंजवडी)

सहसा येतं. ग्रुप पॉलिसी हा कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो आणि तो दरवर्षी नव्याने होतो. आईवडिलांचे दावे वाढले, हप्ता चढला, की पहिली कात्री तिथेच लागते. तुमच्या नेमणूकपत्रात काही लिहून दिलं असेल तर मात्र ते आधी वाचा. कापलेला हप्ता तुमच्या खिशातून जातो, त्यामुळे जुन्या करप्रणालीत त्याची वजावट मागता येते. सीएला विचारून घ्या. खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) यंदा बदललाय का, तेही तपासा. ते बदल ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात असतात.

ऑगस्टमध्ये पगार २१ हजारांच्या मर्यादेपुढे गेला. सुपरवायझर म्हणतो, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) त्याच महिन्यात बंद. (चाकण)

चूक. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन टप्पे असतात. मध्येच पगार वाढला तरी चालू टप्पा संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. उपचारांचा हक्क नेमका कोणत्या तारखेपर्यंत, ते शाखा कार्यालयात विचारा, सुपरवायझरला नको.

वय ५७, मधुमेह आहे. पुढच्या वर्षी निवृत्ती. आजवर कंपनीच्या पाच लाखांवर भागलं. एजंट म्हणतो, स्वतःची पॉलिसी घेताना मधुमेह लिहू नका, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. (नाशिक)

आधी एजंट बदला. साठ महिन्यांनंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे खरं. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे, हे तो सांगत नाही. शिवाय त्या पाच वर्षांत हृदयाचा झटका आला तर? कमिशन त्याचं, बिल तुमचं.

आता माझं जुनं रडगाणं. नोकरी आहे तोवर स्वतःची पॉलिसी घ्या, हे मी तिशीतल्या मुलांनाही सांगतो. ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. नोकरी सुटते, तेव्हा शुगर आणि बीपी दोन्ही सोबत असतात. वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी कमाल तीन वर्षं थांबावं लागू शकतं. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षं होती. हा काळ पगार चालू असतानाच संपवायचा. ५७ व्या वर्षी हे ऐकवून उपयोग नाही, कळतं मला. पण हे पत्र दर महिन्याला येतं, फक्त गाव बदलतं.

तुमच्यासाठी वाट उरली आहे. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुप पॉलिसीत काढलेली वर्षं थांबण्याच्या काळात मोजली जातात. अर्ज सेवा संपण्याआधी हवा. शेवटच्या दिवशी एचआर सत्कारात असतो. मुदत, हप्ता आणि वैद्यकीय तपासणी याबद्दल विमा कंपनीकडून याच महिन्यात लेखी उत्तर मागवा, आणि मधुमेह स्पष्ट लिहा.

कंपनीची आणि स्वतःची, दोन्ही पॉलिसी एकाच ऑपरेशनला वापरता येतात? (कोल्हापूर)

हो, खर्चाच्या मर्यादेत. पहिली कोणती वापरायची ते तुम्ही ठरवा, आणि दुसरीसाठी बिलांच्या प्रती रुग्णालयातून निघण्याआधी घ्या.