जुनं गॅस्केट फेकू नका, आधी वाचा

तुमचा फर्ग्युसन टीई-20 ट्रॅक्टर रोज पाणी खातो, खाली मात्र थेंब दिसत नाही, रेडिएटरचं झाकण उघडलं की बुडबुडे येतात. आणि तुम्ही विचारताय की नवं हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे ते आणि खालचा ब्लॉक यांच्या मधला सील) दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावून बसवलं तर टिकेल का. आधी तेच सांगतो: सिलिकॉन अजिबात लावू नका. ज्वलनाच्या दाबापुढे आणि उष्णतेपुढे ते टिकत नाही, वर बाहेर दाबला गेलेला गोळा पाण्याच्या वाटेत जाऊन अडकतो.

हेड उतरवण्याआधी खात्री करून घ्या. फॅन बेल्ट काढून थंड इंजिन मिनिटभर चालवा. पाण्याचा पंप फिरत नसताना बुडबुडे आले तर ते सिलेंडरमधल्या वायूचेच. मग इंजिन थोडं गरम करून, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजा. शेजारच्या दोन सिलेंडरचं कॉम्प्रेशन एकत्र पडलं असेल तर गॅस्केट त्यांच्या मधल्या पट्टीवर जळालंय असं धरा. एकच सिलेंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, हेड उतरवून तो जाणार नाही.

हेडचे नट सोडायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे. स्टड (ब्लॉकमध्ये रोवलेले आटेदार दांडे, ज्यांवर हे नट बसतात) गंजले असतील तर आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल टाकत राहा. जोर लावून स्टड मोडला तर दोन दिवसांचं काम दोन आठवड्यांवर जातं. हेड चिकटलं म्हणून फटीत छिन्नी घालू नका, लाकडाचा ठोकळा ठेवून कडेने हलके ठोके द्या. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) मात्र पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा.

आता या इंजिनाची खास गोष्ट. टीई-20 (1946 ते 1956) मध्ये ओले लायनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) आहेत, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं आणि खाली पातळ सीलवर लायनर टेकलेला असतो. त्याला वरून दाबून धरतं ते हेडच. हेड निघाल्यावर कोणी सहज क्रँक फिरवला की पिस्टनबरोबर लायनर केसभर उचलला जातो, सीलखाली कचरा शिरतो आणि नंतर पाणी थेट ऑइलमध्ये उतरतं. म्हणून हेड उतरताच स्टडवर नळीचे तुकडे आणि जाड वॉशर घालून लायनर दाबून धरा. फोर्ड 8एन ट्रॅक्टरसारख्या फ्लॅटहेडवर (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेल्या इंजिनावर) शिकलेले मेकॅनिक इथे हमखास चुकतात, कारण तिथले लायनर कोरडे असतात आणि ही भीतीच नसते.

मीही एकदा चुकलो होतो. हेड सरळ होतं, गॅस्केट नवं होतं, एका दिवसात काम उरकलं म्हणून खूश होतो. चाळीसेक तास चालल्यावर गॅस्केट पुन्हा त्याच जागी गेलं. पहिलं जुनं गॅस्केट सुदैवाने कोपऱ्यात पडून होतं. दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की तिसऱ्या सिलेंडरभोवतीच्या कडीवर दाबाचा ठसाच उमटलेला नाही. तो लायनर खाली बसला होता. ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा लायनर किंचित वर असावा लागतो. अशा इंजिनांत साधारण 0.003 ते 0.005 इंच, पण आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच धरा. चारही लायनर जवळपास सारखे हवेत.

ठसा सगळीकडे सारखा आणि तरी मधे जळलेलं असेल, तर संशय तापण्यावर: ब्लॉकच्या मागच्या टोकाला साचलेला गंजाचा गाळ, अर्धवट बंद रेडिएटर. ते साफ न करता नवं गॅस्केट घातलंत तर तेही जाईल.

हेडवर सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. पूर्ण लांबीत 0.1 मिलिमीटरहून जास्त फट असेल तर हेड फेस, म्हणजे मशीनवर सपाट, करून घ्या. पट्टी ब्लॉकवरही फिरवा, ते बहुतेक जण विसरतात. साफसफाईला ग्राइंडरची खरखरीत चकती नको, तिची पूड बेअरिंगमध्ये पोचते. पाती आणि सबुरी पुरते. त्या काळच्या तांब्याच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, तेव्हा खरवडण्याआधी ओलं करा आणि धूळ उडू देऊ नका.

स्टडची भोकं कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर त्याच्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो, शिवाय टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) खोटं बोलतो. गॅस्केट कोरडं ठेवून पाहा, भोकं जुळतात का, आणि कोणती बाजू वर हे त्यावर लिहिलंय का. नट तीन टप्प्यांत, मध्यातून बाहेर. मॅन्युअल फूट-पाउंडात असेल आणि रेंच न्यूटन-मीटरचा, तर 1.36 ने गुणा.

इंजिन पूर्ण गरम होऊन थंड झालं की पुन्हा टॉर्क: एकेक नट त्याच क्रमाने अष्टमांश फेरा सोडायचा आणि परत आकड्यापर्यंत आणायचा. सगळे एकदम सोडायचे नाहीत. मॅन्युअल गरम असताना करा म्हणत असेल तर तसं. हेड थोडं खाली बसतं, म्हणून त्यानंतर टॅपेटची (व्हॉल्व्हच्या टोकाजवळची) फट पुन्हा लावा. काही तास काम केल्यावर हे सगळं आणखी एकदा.

हेड उतरलं की जुन्या गॅस्केटचा फोटो टाका, दोन्ही बाजूंचा, न पुसता.