‘आमची रोजची भाकर’: इथं ‘आपली’ का नाही?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडून आलेला प्रश्न असा: घरात प्रभूची प्रार्थना (येशूनं शिष्यांना शिकवलेली) कन्नड आणि मराठी दोन्हींत म्हटली जाते. कन्नडात ‘नम्म तंदे’, मराठीत ‘आमच्या पित्या’. ‘आमची रोजची भाकर’ म्हटलं की बाकीच्यांना बाहेर ठेवल्यासारखं वाटतं. मग ‘आपली रोजची भाकर’ म्हटलं तर काय बिघडेल?

बिघडेल. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा धरलेला नसतो, ‘आपण’मध्ये असतो. बेळगावकर बेळगावकराशी बोलताना ‘आपलं बेळगाव’ म्हणतो, पुण्याच्या पाहुण्यापुढे ‘आमचं बेळगाव’. आजच्या कन्नडात ‘नावु’ (आम्ही/आपण) आणि ‘नम्म’ (आमचं/आपलं) दोन्हीकडे चालतात, त्यामुळे कन्नडात प्रार्थना म्हणताना हा प्रश्न उठतच नाही. बायबलमधल्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही हा भेद नाही. म्हणजे मराठी भाषांतरकाराला दर ठिकाणी ठरवावं लागतं की बोलणारा ऐकणाऱ्याला धरून बोलतोय की सोडून.

प्रार्थनेत ऐकणारा देव आहे. ‘आपली भाकर दे’ म्हटलं तर देणाराच भाकरीचा वाटेकरी होतो. म्हणून ‘आमची’. या शब्दानं फक्त देव वगळला जातो. शेजारी, गल्लीतला परका, दुसरी भाषा बोलणारा, यांतल्या कुणालाही व्याकरण बाहेर काढत नाही. सीमाभागात ‘आमचं’ या शब्दाला वादाची धार चढली आहे, म्हणून तो इथं टोचत असेल. प्रार्थनेचा त्यात दोष नाही.

आता रोजच्या जगण्याशी भिडणारा भाग. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 6:6 मध्ये, येशू एकेकट्याला सांगतो: तू आपल्या खोलीत जा, दार लाव, मग प्रार्थना कर. सगळं एकवचनी. तीनच ओव्या (वचनं) पुढे, 6:9 पासून येशू प्रार्थनेचे शब्द शिकवतो तेव्हा मात्र म्हणणारे अनेकवचनी होतात, आणि संपूर्ण प्रार्थनेत ‘मी’ किंवा ‘माझं’ एकदाही येत नाही. दार लावून एकटा बसलेला माणूसही ‘आमची’च म्हणतो. म्हणून सवय करायची तर अशी: प्रार्थना सावकाश म्हणा, ‘आमची’पाशी थांबा, आणि आजच्या भाकरीची ज्यांना ददात आहे अशी तीन-चार माणसं नावानिशी आठवा. निदान एक नाव घराबाहेरचं असू द्या. सगळी नावं घरातलीच आली तर ‘आमची’ म्हणत आपण ‘माझी’च मागतोय. नावांची यादी मात्र वाढवू नका. दहा-बारा झाली की ती नुसती हजेरी होते.

भाकरीच्या पुढच्याच ओवीत एक खड्डा आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’. इथला ‘आपल्या’ ऐकणाऱ्याला धरणारा नाही. तो ‘स्वतःच्या’ या अर्थाचा, कर्त्याकडे वळणारा आहे. आणि ‘ऋणी’ म्हणजे उपकार मानणारा नव्हे. आभाराच्या भाषणांनी हा शब्द इतका गोड केला आहे की अर्थ उलटा लागतो. इथं ऋणी म्हणजे ज्याच्याकडून आपलं येणं आहे तो.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद ओळखण्याचा सराव लूकच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायावर चांगला होतो. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे 29 व्या ओवीत सोबतच्या वाटसरूला, म्हणजे न ओळखलेल्या येशूला, ‘आमच्याबरोबर राहा’ म्हणतात. तो ऐकणारा आहे, म्हणून ‘आमच्या’. 32 व्या ओवीत तो दिसेनासा झालेला असतो, दोघे एकमेकांशी बोलतात, आणि तिथं ‘आपलं’ अंतःकरण येतं. वाचताना सर्वनामाखाली रेघ मारा आणि कोण कुणाशी बोलतोय ते शेजारी लिहा, बस्स. पाच-सहा ओव्या एका बैठकीला पुरे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याकडेही असंच पाहावं. लूक 22:31-32 मध्ये हाक एकट्या शिमोनाला (शिष्य पेत्राला) आहे, पण सैतानाला चाळायचं आहे ते ‘तुम्हांला’, सगळ्या शिष्यांना. आणि येशूनं विनंती केली आहे ती ‘तुझ्यासाठी’. इंग्रजीतून वाचणाऱ्याला हा फरक सहसा दिसत नाही. मराठीत तो आयता हाती येतो, मात्र ‘तुम्ही’ दिसलं की ते आदरार्थी समजण्याची घाई करू नये. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं (1 करिंथ 3:16) ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’ हे साऱ्या मंडळीला आहे. एकट्यानं स्वतःला लावून घेतलं की मंडळीतल्या फुटीबद्दलचा सगळा अध्याय निसटतो.

सभेत प्रार्थना चालवणाऱ्यांची नेहमीची चूक यातूनच होते. ‘हे देवा, आपण तुझी स्तुती करतो’ असं वाक्य सर्रास ऐकू येतं. त्यात देवही स्वतःची स्तुती करणाऱ्यांत जाऊन बसतो. लोकांकडे तोंड असताना ‘आपण प्रार्थना करू या’ म्हणा, आणि देवाला हाक मारली की त्या क्षणापासून ‘आम्ही’ धरा, ‘आमेन’ होईपर्यंत.