अंतर डाउनविंडवरच जुळवायचं

प्रिय विद्यार्थिनीस,

सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, पुढचं विमान धावपट्टीवरच असल्यामुळे तुला पुन्हा पुन्हा गो-अराउंड करावा लागला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागलं, आणि तू खट्टू झालीस, हे कळलं. गो-अराउंडचं वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येक वेळी तो निर्णय योग्यच होता. पण पुढच्या विमानापासूनचं अंतर फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ येणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, बिघडत नाही. ते फार आधी, डाउनविंडच्या (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या टप्प्याच्या) सुरुवातीलाच बिघडलेलं असतं. म्हणून तिथलंच सविस्तर सांगतो.

डाउनविंडला वळण्याआधी पुढचं विमान शोध. ते दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. ते किती वेगाचं आहे, टच अँड गो (टेकून लगेच पुन्हा उड्डाण) करणार आहे की पूर्ण थांबणार, हे रेडिओवर कान ठेवून समजून घे. पूर्ण थांबणारं विमान टॅक्सीवेला लागेपर्यंत धावपट्टी अडवून ठेवतं, त्यामुळे त्याच्यामागे जास्त जागा लागते.

जागा करायचं पहिलं साधन म्हणजे वेग. ९० नॉटने तू मिनिटाला दीड सागरी मैल कापतेस, ७५ ने सव्वा. म्हणजे वेळीच थ्रॉटल मागे घेतलंस तर मिनिटाला पाव मैल, साधारण साडेचारशे मीटर, हाती लागतात. हीच जागा फायनलवर मिळवायला गेलीस तर वेग कमी करायला वावच उरलेला नसतो. मात्र तू मंदावलीस की मागचा जवळ येतो, हे ध्यानात ठेव. सर्किटमधलं अंतर फक्त आपल्या नाकासमोरचं नसतं.

वेगाने भागलं नाही तर डाउनविंड लांबव, आणि तसं रेडिओवर सांग. यात दोन गोष्टी बिघडतात. एक, सवयीने नेहमीच्या जागी उतरायला सुरुवात होते आणि लांबलेल्या फायनलवर विमान फार खाली येतं. त्यामुळे बेसला, म्हणजे डाउनविंड आणि फायनल यांना जोडणाऱ्या आडव्या टप्प्याला, वळेपर्यंत उंची सोडू नकोस. दुसरी, तुझ्यामागचे सगळेच लांबवत जातात आणि इंजिन बंद पडलं तर धावपट्टी गाठता येणार नाही इतकं सर्किट पसरतं. म्हणूनच मी आधी वेगाकडे बघायला सांगतो.

बेसला कधी वळायचं? पुढचं विमान तुझ्याच वेगाचं असेल तर ते फायनलवरून उलट दिशेने येत तुझ्या पंखाच्या रेषेत आलं की. ते संथ असेल तर पंखाच्या बरंच मागे जाऊ दे. आणि दिसतच नसेल तर वळू नकोस, टॉवरला विचार. ज्या विमानाचे पंख केबिनच्या वर असतात त्यात वळताना पंख खाली झुकतो आणि नेमकी वळायची बाजूच झाकली जाते, म्हणून वळण्याआधी पंख जरा उचलून तिकडे बघून घे.

जागा करण्यासाठी टॉवरने सांगितल्याशिवाय गोल फेरी मारू नकोस. अर्ध्या फेरीत तू मागून येणाऱ्याच्या समोर उभी राहतेस. फायनलवर नागमोडी वळणं घेणं तर मला अजिबात मान्य नाही. ४५ अंशांच्या बँकमध्ये (बाजूला कलून) उंची राखून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. त्यात वेग कमी आणि रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त पडलं, तर स्पिनमधून, म्हणजे गिरक्या घेत कोसळण्यातून, सावरायला खाली उंचीच नसते. तिथे अंतर कमी वाटलं तर पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंड कर आणि पुढचं विमान नजरेआड होऊ देऊ नकोस. तेही त्याच वेळी पुन्हा उड्डाण घेत असेल.

पुढे मध्यम वजनाचं जेट उतरलं असेल तर हे सगळे अंदाज बाजूला ठेव. त्याच्या मागे राहणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांसाठी हलक्या विमानाला ३ मिनिटं सोडायची असतात.

पुढच्या सॉर्टीत (उड्डाणात) एक कर. डाउनविंडवर स्थिर झालीस की पुढचं विमान तुझ्या पंखाच्या रेषेत येईल तेव्हा तू जमिनीवरच्या कुठल्या खुणेवर असशील, ते प्रशिक्षकांना मोठ्याने सांग. मग खरंच कुठे होतीस ते बघ. अंदाज पुढे चुकतोय की मागे, ते मला कळव.