टॅब दाबला, पण आहोत कुठे?

प्रश्न : एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाला तपासणीत शेरा मिळाला, 'टॅबने फिरताना फोकस दिसत नाही', म्हणजे कळफलकाने आपण कोणत्या बटणावर किंवा लिंकवर आलो ते कळत नाही. मूळ आउटलाइन (फोकस असलेल्या घटकाभोवती ब्राउझर दाखवतो ती कडा) आम्हीच काढून टाकली होती. आता भगव्या बटणांना पांढरी कडा दिली, तरी शेरा कायम. (सांगली)

उत्तर : पांढऱ्या पानावर पांढरी कडा दिसणार कशी? आणि बटणाशी तुलना केली तरी भागत नाही. भगव्याचा रंगकोड एफएफ९९३३ धरला, तर पांढऱ्याशी त्याचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातल्या फरकाचं प्रमाण) २.१३ : १ भरतो. हवा किमान ३ : १. डब्ल्यूसीएजी म्हणजे संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं; त्यांचा निकष २.४.७ फोकस दिसावा एवढंच म्हणतो. ३ : १ हा आकडा निकष १.४.११ मधला. दोन्ही निकष डबल-ए, म्हणजे मधल्या पातळीचे.

प्रत्येक बटणासाठी वेगळा रंग शोधत बसू नका, काळी-पांढरी जोडी लावा. आउटलाइन २ पिक्सेल सॉलिड पांढरी, ऑफसेट (बटणापासूनचं अंतर) शून्य. सोबत काळी बॉक्स-शॅडो (घटकाभोवतीची सावली), ० ० ० ४ पिक्सेल. आउटलाइन सावलीच्या वर रंगते, त्यामुळे आत २ पिक्सेल पांढरं आणि बाहेर २ पिक्सेल काळं उरतं. एकरंगी पार्श्वभूमी कुठलीही असो, दोघांपैकी एकाचा कॉन्ट्रास्ट ४.५ च्या वर राहतोच. नुसत्या सावलीवर मात्र विसंबू नका. विंडोजच्या कॉन्ट्रास्ट थीममध्ये ब्राउझर ती काढून टाकतो, आउटलाइन टिकते.

सीएसएसचा (पानाच्या रूपाचे नियम) हा नियम फोकस-व्हिजिबलवर लिहा, म्हणजे कडा मुख्यतः कळफलकाने फिरतानाच उमटते. माउसने बटण दाबल्यावर कडा उमटत नाही, डिझायनरची कुरकुरही थांबते. (मजकुराच्या चौकटीत माउसनेही उमटते; ते बरोबरच आहे.) पण आधी जुन्या सीएसएसमध्ये 'आउटलाइन' शोधा. क्लासला फोकस जोडून लिहिलेला 'आउटलाइन शून्य' हा नियम जास्त वजनाचा ठरतो आणि नवी कडा उमटूच देत नाही. बटण ज्या कार्डात (चौकटीत) आहे त्याला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवण्याचा नियम असेल तर कडा कापली जाते. तिथे काळी आउटलाइन, ऑफसेट उणे ४ पिक्सेल, म्हणजे ती आतल्या बाजूला सरकते. कार्ड गडद असेल तर पांढरी.

प्रश्न : कडा ठळक आहे, तरी कधीकधी नाहीशी होते. वरची मेनूपट्टी चिकटून राहणारी आहे. (ठाणे)

उत्तर : शिफ्ट-टॅबने उलटं वर येऊन बघा. लिंक पट्टीच्या मागे जाऊन बसते. पट्टी ६४ पिक्सेलची असेल तर एचटीएमएल या मूळ घटकाला स्क्रोल-पॅडिंग-टॉप (स्क्रोल होताना वर सोडायची जागा) ८० पिक्सेल द्या. कुकीची पट्टी खाली चिकटत असेल तर स्क्रोल-पॅडिंग-बॉटमही. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत यासाठी २.४.११ हा स्वतंत्र निकष आला आहे: फोकस असलेला घटक पूर्ण झाकला जाता कामा नये. मॅकवर सफारीत तपासत असाल तर ऑप्शन-टॅब वापरा. साधा टॅब मूळ सेटिंगमध्ये लिंकवर थांबतच नाही.