बूट वाळवायचे म्हणजे वाळवायचेच!

प्रश्न: ताई, आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी १५ वर्षांची आहे, ती आणि तिचा ग्रुप ओढ्यावर क्रेफिश मोजायला जातात. पण हात लावायचा नाही म्हणे, आणि घरी आली की कितीतरी वेळ बूटच घासत बसते. मोजून आणि बूट घासून प्राणी वाचतो का हो? त्यापेक्षा ते बाहेरून आलेले क्रेफिश पिंजरे लावून पकडून टाकले तर? – एक आई

उत्तर: वाचतो, आणि खरं सांगू का, बूट घासणं हेच त्यातलं सगळ्यात मोठं काम आहे. क्रेफिश म्हणजे कोळंबीचं अंग आणि खेकड्याचे नांगे असं ध्यान (भारतात तो मूळचा नाहीच, म्हणून आपल्याकडे त्याला नावही नाही). इंग्लंडचा मूळचा तो पांढऱ्या नांग्यांचा. आणि १९७० च्या दशकात पाळायला म्हणून अमेरिकेतून आणलेला तो सिग्नल क्रेफिश, हा तळ्यांतून निसटला आणि पसरतच गेला. दांडगा आहे, काठात बिळं करून माती ढासळवतो, ते तर आहेच, पण खरा घात करतो तो त्याच्यासोबत येणारा क्रेफिश प्लेग. बुरशीसारखा एक जीव असतो, सिग्नलला त्याचं सहसा काही होत नाही आणि तिथला मूळचा मात्र काही आठवड्यांत ओढ्यातून साफ! त्याचे बीजाणू ओल्या बुटांवरून, जाळ्यांवरून दुसऱ्या ओढ्यात पोचतात, तिथे एकही सिग्नल नसला तरी. म्हणून आधी चिखल काढायचा आणि मग बूट खडखडीत वाळवायचे, शिवणीतसुद्धा ओल नको.

पिंजऱ्याचं म्हणाल तर त्यात मोठे सापडतात, बारके मागे राहतात आणि मोठे गेले की त्यांचं फावतं. शिवाय परवानगी लागते, आणि भलत्याच पिंजऱ्यात पाणमांजर अडकून बुडतं ते वेगळंच. त्यात ओळखण्यात घोळ, सिग्नलचा नांगा खालून लाल असतो आणि सांध्यापाशी पांढरट-निळसर ठिपका, मूळच्याचा खालून मळकट पांढरा, पण घाईत लोक त्यालाच परदेशी समजून मारतात. तिथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने या मूळच्याला पकडायलाही लायसन्स लागतं, म्हणून मुलीला हात लावू देत नाहीत, रात्री काठावरून टॉर्च मारून मोजायचं, फोटो काढायचा. कुठे किती उरलेत हे कळलं तरच त्यांना सुरक्षित, वेगळ्या पाण्यात हलवायचं की नाही ते ठरवता येतं.

ती दोन ओढ्यांवर जात असेल तर बुटांची दुसरी जोडी घेऊन द्या.