खेळण्यांच्या यादीऐवजी

प्रिय,

बाळाच्या वाढीसाठी कोणती खेळणी आणावीत, असं विचारलंस. इतक्यात काहीच आणू नकोस. लंगोट बदलणं, अंघोळ, कपड्यांच्या घड्या ही कामं तू रोज करणारच आहेस, आणि बाळाला जे हवं ते बरंचसं त्यातच मिळतं.

लंगोट बदलताना चेहरा त्याच्याजवळ ने. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं सर्वांत नीट दिसतं. कुशीत घेतल्यावर तुझा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. ‘आता पाय उचलू या हं,’ असं म्हण आणि गप्प राहा. हे गप्प राहणंच जमत नाही, आपण मोठी माणसं बोलत सुटतो. बाळाला मात्र ऐकून प्रतिसाद द्यायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मग ते हुंकार देईल, पाय झाडेल, नाहीतर नुसतं टक लावून बघेल. ते त्याचं उत्तर! त्याचाच आवाज काढून त्याला ऐकव, पुन्हा थांब. बोलण्याची सुरुवात इथेच होते. त्याने मान फिरवली, जांभई दिली, तर त्याला पुरे झालंय असं समज आणि त्याला निवांत राहू दे.

जागं असताना, तुझ्या नजरेसमोर त्याला पालथंही ठेव. रांगू न लागलेल्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटं सांगते. सुरुवातीला एक-दोन मिनिटंच पुरे, तुझ्या छातीवर ठेवलंस तरी चालेल. झोपवताना मात्र नेहमी उताणंच.

आठव्या-नवव्या महिन्यात ते वस्तू पुन्हापुन्हा खाली टाकेल. दमशील, पण रागावू नकोस. दिसेनाशी झालेली वस्तू कुठे जाते, याचा ते शोध घेत असतं. घड्या घालताना रुमालाखाली चमचा लपव, ते स्वतः रुमाल ओढेल. घशात अडकेल असं बारीकसारीक काही हाताशी ठेवू नकोस.

पहिलं वर्षभर स्क्रीन नकोच. दूध पाजताना तुझाही मोबाइल बाजूला असू दे, तेव्हा बाळ तुझ्याकडेच बघत असतं.

दुसऱ्यांच्या बाळांशी तुलना करून जिवाला घोर लावून घेऊ नकोस. पण सहा महिन्यांनंतरही ते आवाजाच्या दिशेने वळत नसेल, किंवा येत असलेली एखादी गोष्ट करेनासं झालं, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखव. ‘अजून थोडे दिवस बघू,’ असं घरातलं कुणीही म्हणालं तरी.