कामाच्या गाडीवरची गमतीची पाटी नकळत वंशद्वेषी ठरू शकते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात इमारतींना बाहेरून रंग देण्याचा आणि ओल काढण्याचा आपला व्यवसाय आहे, नव्या घेतलेल्या दोन छोट्या हत्तींच्या, म्हणजे छोट्या मालवाहू टेम्पोंच्या, फाळक्यावर ‘काळ्याला गोरं करून दाखवतो!’ हे वाक्य आणि शेजारी अर्धा काळा, अर्धा गोरा चेहरा काढून घ्यायचा आपला विचार होता. परदेशात शिकणाऱ्या पुतणीने ते वंशद्वेषी वाटेल असे सांगून हरकत घेतली. आणि मनात कुणाविषयी काहीही नसताना अशा पाटीने खरोखर अपमान होतो, की हा नव्या पिढीचा हळवेपणा आहे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

अपमान होतो. हे मी ऐकीव सांगत नाही. अमरावती रोडला वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात गेली २२ वर्षे मी गाड्यांवर अक्षरे काढतो, आधी ब्रशने, मग रेडियम कापून आणि आता छापील विनाइल चिकटवून. आणि मनात तसूभर वाईट नसताना असा अपमान माझ्या स्वतःच्या हातून झालेला आहे.

साधारण २०१६ सालची गोष्ट आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी जुना टेम्पो घेऊन त्याची चायनीजची गाडी केली होती आणि चित्र व मजकूर दोन्ही माझ्यावर सोपवले होते. मी काढले ते अशा बहुतेक गाड्यांवर दिसते तेच: पिवळा चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन तिरक्या रेघा, ओठांवरून लोंबणाऱ्या मिशा, डोक्यावर बांबूची निमुळती टोपी आणि त्याखाली ‘डोळे बारीक, प्लेट मोठी’. मालक खूश झाले, वस्तीतली मुले गाडीसमोर उभी राहून फोटो काढू लागली. त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत जवळच्या रुग्णालयात काम करणारी मणिपूरची एक मुलगी होती. चित्र लागल्यापासून ती यायची थांबली. महिना-दीड महिन्याने वाटेत भेट झाली तेव्हा मालकांनी सहज कारण विचारले, तर ती म्हणाली, “भैया, सडक पे लड़के उँगली से आँख खींचके जो दिखाते हैं, वही आपने लाइट लगाके दिखाया है।”

हे मला कळले तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया आज सांगायला संकोच वाटतो, पण ती आपल्या प्रश्नाशी थेट जुळते म्हणून सांगतो. मी म्हणालो, “चित्र चिन्यांचं आहे, तिचं कुठं आहे? ती तर आपल्याच देशातली आहे.” तिचे दुखणे नेमके हेच होते, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. जिला आयुष्यभर रस्त्यात, बसमध्ये, भाड्याची खोली शोधताना लोक चिनी समजत आले, तिला ‘हे चित्र चिन्यांचं आहे’ असे सांगणे म्हणजे तोच घाव पुन्हा घालणे होय. शिवाय चिन्यांचे असले म्हणून ते बरे ठरते, असेही नाही. आपण ज्याला चायनीज म्हणतो तो खाद्यप्रकार कोलकात्याच्या हक्का चिनी वस्तीतून आलेला आहे, आणि त्याच समाजासह चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना १९६२ च्या युद्धानंतर केवळ वंशावरून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले होते. त्यांच्या ताटातले खायचे आणि त्यांच्या डोळ्यांवर हसायचे, असा तो व्यवहार होता.

थट्टा कुठवर जाऊ शकते याचे उदाहरणही त्या वेळी ताजे होते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निडो तानिया या अरुणाचल प्रदेशाच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून एका दुकानात टिंगल झाली, तिचे पर्यवसान मारहाणीत झाले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक हेटाळणीसाठी दंड संहितेत स्वतंत्र कलमे घालावीत अशी शिफारस केली. पुढे २०२० च्या साथीत त्याच चेहऱ्याच्या माणसांना रस्त्यात ‘कोरोना’ अशा हाका मारल्या गेल्या. मी रेघा ओढल्या तेव्हा यांतले काहीच माझ्या डोक्यात नव्हते. तिच्या डोक्यात मात्र ते रोज असते.

आता गाडीचा मुद्दा वेगळा का, ते पाहू. घरात किंवा मित्रांत केलेला विनोद ऐकणाऱ्याला बोलणारा माणूस ठाऊक असतो, त्याचा आवाज ऐकू येतो, तोंडावरचे हसू दिसते, आणि चुकले तर तिथल्या तिथे ‘अरे, तसं नव्हतं म्हणायचं’ असे सांगता येते. गाडीच्या फाळक्यावरून हे सगळे गळून जाते आणि नुसते वाक्य उरते. ते सकाळी इतवारीत, दुपारी मिहानमध्ये आणि संध्याकाळी सीताबर्डीच्या सिग्नलवर उभे राहते, आणि मागे अडकलेल्या माणसाला ते वाचण्यावाचून गत्यंतर नसते. वाचक आपण निवडत नाही. वाचकालाही आपल्याला टाळता येत नाही. त्यातून लिहिणाऱ्याला त्याची इतकी सवय होते की आपण काय लिहिले आहे हे त्याला दिसेनासे होते. ‘हॉर्न ओके प्लीज’ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोळे मिटून रंगवत आलो. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते लिहायला बंदी केली, तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना पहिल्यांदा जाणवले की आपण लोकांना भोंगा वाजवायचे आमंत्रण देत होतो.

दुसरी गोष्ट अशी की विनोद कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ फिरतो. ब्रिटनमध्ये भारतीय वंशाच्या बांधकाम कारागिरांच्या व्हॅनवरचे एक वाक्य बरेच प्रसिद्ध आहे, ‘काऊबॉयना काम देऊन पाहिलंत, आता इंडियनना देऊन पाहा’. तिथल्या बोलीत काऊबॉय म्हणजे अर्धवट काम करून पैसे घेऊन पसार होणारा मिस्त्री. आपल्याच रंगावर, आपल्याच नावाने, स्वतःच्या गाडीवर त्या लोकांनी केलेली ती कोटी आहे, म्हणून तिच्यात ऐट आहे. तेच वाक्य एखाद्या गोऱ्या ठेकेदाराने आपल्या भारतीय मजुरांबद्दल लिहिले असते तर ते ऐकवत नसते. गंमत म्हणजे या निरुपद्रवी वाटणाऱ्या कोटीतही एक तिसरा माणूस उभा आहे. काऊबॉयच्या जोडीला येणारा ‘इंडियन’ हा अमेरिकेचा मूलनिवासी आहे, ज्याच्या माथी ते नाव १४९२ मध्ये कोलंबसच्या चुकीमुळे बसले. लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी तो नसतो. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाला ‘रेडस्किन्स’ (लाल कातडीवाले) हे त्याच मूलनिवासींवरचे नाव २०२० मध्ये टाकावे लागले, तेही अशाच नाठाळ सवयीचे होते.

आपल्याकडे याचा पडताळा घ्यायला ब्रिटनला जायची गरज नाही. ‘काहून बे, गळून राहिलं का?’ असे एखाद्या नागपुरी प्लंबरच्या गाडीवर असले तर आपण हसतो. तेच वाक्य बाहेरच्या शहरातल्या कंपनीने जाहिरातीत वापरले आणि त्यासोबत बावळट चेहऱ्याचा माणूस काढला, तर आपलेच कपाळ आठ्यांनी भरते. त्या आठ्या आठवल्या की मणिपूरच्या मुलीचे म्हणणे समजायला फार कष्ट पडत नाहीत.

आपण कदाचित विचाराल की मग ‘बुरी नजरवाले तेरा मुँह काला’ याचे काय. ते तर निम्म्या देशाच्या ट्रकांवर आहे. माझे मत असे की त्या वाक्यात तोंड काळे होणे म्हणजे बेअब्रू होणे; मराठीतही ‘तोंड काळं कर’ म्हणताना कुणाच्या कातडीचा विचार मनात नसतो, आणि त्याचा रोख मत्सर करणाऱ्यावर आहे, जो कोणत्याही रंगाचा असू शकतो. ट्रकमालकाने सांगितले तर मी ते आजही लिहितो. मात्र एखाद्या नायजेरियन विद्यार्थ्याने ते अक्षरशः वाचले आणि त्याला बोचले, तर त्याला वेड्यात काढणार नाही. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने त्याच्यासारख्यांना बेदम मारले होते आणि त्याच्या कानावर येणारा ‘काला’ नेहमीच अलंकारिक नसतो. या वाक्याशेजारी शिंगे असलेला काळा राक्षस काढायला सांगतात, तिथे मी अलीकडे राक्षस हिरवा किंवा लाल करतो. नजर लागायची ती कोणत्याही रंगाच्या राक्षसाला घाबरते, अशी माझी गिऱ्हाइकांना दिलेली हमी आहे.

आता आपले वाक्य. त्यात असा अलंकार नाही. ‘काळ्याला गोरं करून दाखवतो’ यातील काळा म्हणजे शेवाळलेली भिंत, हे आपल्याला ठाऊक आहे. पण आपण शेजारी भिंत काढत नाही, माणसाचा चेहरा काढता. चित्र वाक्याचा अर्थ पक्का करून टाकते: काळा रंग हा दोष, गोरा ही दुरुस्ती. ही समजूत परक्या देशातून आलेली नाही. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सुस्वरूप’ वाचत, गोरे करणारी मलमे विकत घेत आपण ती पोसलेली आहे. (त्यातल्या सर्वांत खपणाऱ्या मलमाच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये कंपनीने स्वतःच काढून टाकला.) ज्या विदर्भात काळ्या जमिनीचा भाव चढा असतो आणि आषाढीला सावळ्या विठ्ठलापुढे डोके टेकले जाते, तिथे मुलीचा काळा रंग मात्र हुंड्याच्या बोलणीत घातला जातो.

आपल्याकडे रंगाची टवाळी जातीला जाऊन भिडते, ही आणखी एक अडचण आहे. जात म्हणजे वंश हा सिद्धान्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारला नव्हता, आणि ते योग्यच आहे. पण टवाळी करणारे असा काटेकोर भेद करीत नाहीत. रंगावरून जात ताडणाऱ्या म्हणी मराठीत आहेत, त्या मी इथे लिहीत नाही, आपल्यालाही माहीत असतील. दीक्षाभूमीच्या शहरात त्या म्हणींची आठवण करून देणारा चेहरा फाळक्यावर मिरवणे मला तरी जमणार नाही. याच कारणाने मी पानांचा घागरा घातलेला, हातात भाला धरून ‘झिंगालाला’ ओरडणारा काळा माणूस काढायचे दोनदा नाकारले, एकदा तंदूर कोंबडीच्या गाडीसाठी आणि एकदा झुरळे मारणाऱ्यांच्या गाडीसाठी. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये वसवलेले आहे, एवढेच कारण मी दिले; दुसऱ्या गिऱ्हाइकाला ते पटले, पहिल्याने काम दुसरीकडून करून घेतले.

कायद्याची भीती वाटत असेल तर ती फार बाळगू नये. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६, म्हणजे पूर्वीचे १५३ ए, वंश, भाषा, जन्मस्थान इत्यादींवरून समाजांत वैर पसरवण्यासाठी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या बलवंत सिंग खटल्यात तसा हेतू सिद्ध व्हायला हवा असे सांगितले आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही सार्वजनिक ठिकाणच्या अपमानाच्या कलमात ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द आहे. शब्दांचा परिणाम समंजस आणि खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने जोखावा, जिथे तिथे संकट हुंगणाऱ्याच्या मापाने नव्हे, हा निकष तर आपल्याच नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिवियन बोस यांनी १९४० च्या दशकात मांडला आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पण तो निकष माणसाला शिक्षा करावी की नाही हे ठरवण्यासाठी आहे. सिग्नलवर मागे थांबलेली, रंगावरून दोन स्थळांकडून नकार आलेली मुलगी समंजसही असेल आणि खंबीरही असेल. ती तक्रार करणार नाही, फक्त घराला रंग द्यायची वेळ येईल तेव्हा आपला नंबर लावणार नाही.

पाटी गमतीची ठेवू नये असे मी म्हणत नाही. हसू भिंतीवर, उन्हावर, ओलीवर किंवा स्वतःवर असू द्यावे. त्या चायनीजच्या गाडीवर मी नंतर फुकट नवे चित्र काढून दिले, जाळावर उडणारी कढई, आणि लिहिले ‘धूर आमचा, ठसका तुमचा’; ते अजून टिकून आहे. आपल्यासाठी मला सुचते ते असे: ‘ऊन आपल्या हाती नाही, भिंत हाय ना बाप्पा!’ नागपूरच्या ४५ अंशांत पोपडे धरणाऱ्या भिंतींना ते लागू पडेल, आणि बोली आपलीच असल्याने कुणी आठ्याही घालणार नाही. चेहरा हवाच असेल तर स्वतःचा काढून घ्यावा, नाकावर रंगाचा ठिपका पडलेला. त्याला परवानगी फक्त आपलीच लागेल. रेडियम कापायला देण्यापूर्वी मजकुराचा फोटो पुतणीला पाठवावा, आणि ‘हाय’ हे ‘हाय’च ठेवायला पेंटरला बजावून सांगावे, कारण आमच्यातले काही जण सवयीने ते शुद्ध करून टाकतात.